ताजं सॉफ्टवेअर हवं, पॅकेज मॅनेजर चांगला हवा: मग लिनक्सचा कोणता डिस्ट्रो घ्यावा?

डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा तयार संच, आणि पॅकेज मॅनेजर म्हणजे त्यात सॉफ्टवेअर बसवणारं-काढणारं साधन. अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थ्यानं विचारलंय: "सर, जुळे सोलापुरात राहतो. लॅपटॉप एकच आहे, त्यावर उबंटू २२.०४. नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, रोजचं दीड जीबी. सगळं जुनं पडतं म्हणून एकेक पीपीए, म्हणजे बाहेरच्यांचं पॅकेज-भांडार, जोडत गेलो. प्रोजेक्टला पायथन ३.१२ लागत होता, तो बसवून पायथन-थ्रीची लिंक त्याच्याकडे वळवली, तर टर्मिनलच उघडेना आणि एपीटीही, म्हणजे उबंटूचा पॅकेज मॅनेजरही, एरर द्यायला लागलं. मित्र म्हणतात आर्च टाक, सगळं ताजं मिळतं. वडिलांचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे, तिथला विंडोज १० चा डेस्कटॉपही लिनक्सवर न्यायचाय. दोन्हीकडे एकच डिस्ट्रो टाकायचा तर कोणता? सॉफ्टवेअर ताजं हवं आणि पॅकेज मॅनेजमेंट चांगलं हवं."

उत्तर आधी देतो, कारणं मागून. लॅपटॉपवर फेडोरा वर्कस्टेशन टाक. ऑफिसच्या डेस्कटॉपवर डेबियन १३. दोन्ही यंत्रांची कामं वेगळी आहेत, तेव्हा एकच डिस्ट्रो दोन्हीकडे टाकायचा हट्ट सोड. आर्च चांगला आहे, पण प्रोजेक्ट जमा होईपर्यंत तुझ्याकडे दुसरा लॅपटॉप नाही, म्हणून आत्ता नको.

तुझ्या टर्मिनलचं नेमकं काय झालं ते आधी समजून घे, त्यावरून पुढचं बरंचसं आपोआप कळेल. उबंटू २२.०४ सोबत पायथन ३.१० येतो. तो सिस्टिमच्या स्वतःच्या कामांसाठी असतो. उबंटूवर ग्नोम टर्मिनल सुरू होताना आधी पायथनमधली एक छोटी स्क्रिप्ट चालते. ती 'जीआय' नावाचं मॉड्यूल मागते, आणि त्या मॉड्यूलचा कंपाइल केलेला भाग ३.१० पुरताच असतो. तू पायथन-थ्री हे नाव ३.१२ कडे वळवलंस. स्क्रिप्ट ३.१२ मध्ये चालू झाली, तिला तिचा भाग सापडला नाही, आणि खिडकी उघडलीच नाही. एपीटीच्या भोवतीची काही साधनं अशाच प्रकारे 'एपीटी-पीकेजी' मॉड्यूल मागतात, तिथेही तोच प्रकार. फॉरमॅट मारायची गरज नाही. कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर लॉगिन कर, लिंक परत ३.१० वर ने, टर्मिनल उघडेल. ३.१२ शेजारी राहू दे आणि प्रोजेक्टसाठी त्यातून व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोजेक्टपुरती पायथनची वेगळी जागा, तयार कर.

इथे उबंटू जुनं होतं म्हणून काही बिघडलं नाही. सिस्टिमचा पायथन आणि तुझ्या कामाचा पायथन एकमेकांत मिसळले म्हणून बिघडलं. आर्चवर गेलास तरी ही सवय तुझ्यासोबत जाईल, आणि तिथे ती जास्त महागात पडेल.

म्हणून 'ताजं' म्हणताना प्रत्येक थराचा वेगळा विचार कर. सगळ्यात खाली कर्नल (सिस्टिमचा गाभा), फर्मवेअर (हार्डवेअरमधलं सॉफ्टवेअर) आणि ग्राफिक्सचं मेसा. लॅपटॉप नवा असेल तर हे ताजं लागतंच, नाहीतर वायफाय दिसत नाही किंवा झोपवलेला लॅपटॉप उठत नाही. लॅपटॉप चार-पाच वर्षं जुना असेल तर जुना कर्नलही त्याला चांगला ओळखतो. त्यावर डेस्कटॉप: ग्नोम, केडीई वगैरे. इथला ताजेपणा हौसेचा भाग आहे. त्यावर ब्राउझर, लिब्रेऑफिस, व्हिडिओ एडिटर. हे फ्लॅटपॅकनं, म्हणजे कोणत्याही डिस्ट्रोवर चालणाऱ्या पॅकेज पद्धतीनं, फ्लॅटहब या भांडारातून घेतलंस तर डेबियनवरही तेवढंच ताजं मिळतं. सगळ्यात वर तुझी कामाची साधनं: पायथन, नोड, डेटाबेस, कंपायलर. यांची आवृत्ती प्रोजेक्टनं ठरवायची असते, डिस्ट्रोनं नव्हे. पायथनला यूव्ही आहे, नोडला एनव्हीएम आहे, पोस्टग्रेस डेटाबेसची स्वतःची एपीटी रेपॉझिटरी (भांडार) आहे, आणि काहीच जमत नसेल तर डिस्ट्रोबॉक्समध्ये हवा तो डिस्ट्रो कंटेनर म्हणून, म्हणजे चालू सिस्टिममध्येच वेगळ्या कप्प्यात, उघडता येतो. डेबियन १२ पासून पायथनची पॅकेजेस बसवणारा पिप थेट सिस्टिममध्ये काही बसवू देत नाही, 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' म्हणून अडवतो. पुष्कळजण त्यावर चिडतात आणि जबरदस्तीचा पर्याय वापरतात. तो अडसर तुझ्यासारख्यांचं टर्मिनल वाचवण्यासाठीच घातलेला आहे.

आता पॅकेज मॅनेजर. तो किती भरभर डाउनलोड करतो, रंगीत बार किती छान दाखवतो, यावरून लोक मत बनवतात. मी तीन गोष्टी बघतो. अवलंबित्वाचा गुंता तो बरोबर सोडवतो का. काय, कधी आणि कशामुळे बसलं याचा हिशेब ठेवतो का. आणि अपडेट बिघडलं तर मागे जाता येतं का. पहिल्या बाबतीत एपीटी (डेबियन-उबंटू), डीएनएफ (फेडोरा), झिपर (ओपनसुसे), पॅकमॅन (आर्च) सगळेच आज पुरेसे चांगले आहेत. खरा फरक पडतो तो तिसऱ्या बाबतीत.

एपीटी आधी घेऊ, कारण त्याची तुला सवय आहे. डेबियन १३ मध्ये एपीटी ३.० आलंय, काय बसणार आणि काय निघणार याची यादी स्पष्ट दिसते. भांडार प्रचंड, सुमारे ७०,००० पॅकेजेस. बसवणं, काढणं, सोबत आलेलं नको ते साफ करणं या कामांत एपीटीवर माझा पूर्ण भरवसा आहे. पण अपडेट उलटवायची सोपी सोय त्यात नाही. व्हार-लॉग-एपीटीमध्ये इतिहासाची फाइल असते, ती वाचून हातानं मागे जावं लागतं. डेबियनला हे चालून जातं, कारण स्टेबलमध्ये, म्हणजे त्याच्या स्थिर शाखेत, आवृत्त्या सहसा बदलत नाहीत, बहुतेक सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या येतात. पण त्यावर सात-आठ पीपीए जोडले की एपीटीचा सगळा भरवसा गेला, कारण ती पॅकेजेस एकमेकांशी तपासून बांधलेली नसतात. उबंटूची एक गोष्ट मला पटत नाही: २२.०४ पासून एपीटीनं फायरफॉक्स मागितलं तरी आतून स्नॅप, म्हणजे उबंटूचं वेगळ्या पद्धतीचं पॅकेज, बसतं. पॅकेज मॅनेजरनं मागितलं तेच द्यावं.

डीएनएफमध्ये प्रत्येक व्यवहाराला क्रमांक असतो. 'डीएनएफ हिस्ट्री लिस्ट' म्हटलं की तारीखवार यादी येते. कुठल्या दिवशी कोणत्या आदेशानं काय आलं ते 'इन्फो' सांगतं, आणि 'अनडू' तो व्यवहार उलटवतं. एखादं साधन करून बघितलं, सोबत साठ पॅकेजेस आली, आवडलं नाही, तर एका आदेशात सगळं बाहेर. मात्र याची मर्यादा माहीत असू दे. फेडोराच्या अपडेट भांडारात प्रत्येक पॅकेजची फक्त शेवटची आवृत्ती ठेवतात. त्यामुळे बसवलेलं उलटवणं सोपं, पण कालचं मोठं अपडेट उलटवायला गेलास तर मधली आवृत्ती मिररवर, म्हणजे उतरवायच्या सर्व्हरवर, नसते आणि डीएनएफ हात टेकतो. कर्नलपुरता प्रश्न येत नाही, शेवटचे तीन कर्नल ठेवलेलेच असतात. सुरू होताना मेनूतून जुना निवडायचा. फेडोरा ४१ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२४ पासून, डीएनएफ-५ आलंय. ते सी प्लस प्लसमध्ये लिहिलंय, त्यामुळे पायथनचा काही घोळ झाला तरी पॅकेज मॅनेजर जिवंत राहतो. शिवाय फेडोरा पायथनच्या वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी-शेजारी बसवायला स्वतःच देतं. तुझा प्रश्न तिथे पीपीएशिवाय सुटला असता.

मागे जाण्याच्या बाबतीत ओपनसुसे टम्बलवीड सगळ्यांच्या पुढे आहे. तो रोलिंग आहे, म्हणजे आवृत्तीच नाही, अपडेट सतत येत राहतात. पण ते सुटं पॅकेज म्हणून येत नाहीत. सगळ्या पॅकेजेसचा एक संच बांधतात, ओपनक्यूए नावाची स्वयंचलित चाचणी त्यावर चालवतात, म्हणजे इन्स्टॉल होतं का, डेस्कटॉप उघडतो का हे यंत्रच बघतं, आणि मग तो संच बाहेर सोडतात. झिपर चालण्याआधी आणि चालल्यावर स्नॅपर नावाचं साधन बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची स्थिती जपून ठेवणारी नोंद, घेतं. सकाळी लॅपटॉप काळ्या पडद्यावर अडकला तर बूट मेनूत कालचा स्नॅपशॉट निवडायचा, काम चालू करायचं, सगळं ठीक दिसलं की रोलबॅकचा आदेश द्यायचा. ही सोय पहिल्या दिवसापासून तयार मिळते, आपल्याला काही जोडावं लागत नाही. तरी तुला मी टम्बलवीड सांगत नाही, त्याचं कारण डेटा. कंपायलर किंवा एखादी पायाभूत लायब्ररी बदलली की हजारो पॅकेजेस नव्यानं बांधली जातात आणि एकाच अपडेटमध्ये गीगाबाईटच्या वर उतरवावं लागतं. तू मोबाईलच्या हॉटस्पॉटवर रोजच्या दीड जीबीत काम करतोस असं तू लिहिलंयस. घरात फायबर आलं की पुन्हा विचार कर. फेडोराचाही डेटा कमी नाही. फरक तेवढाच उतरवायची डेल्टा पॅकेजेसची सोय त्यांनी फेडोरा ४० पासून काढून टाकली. पण आठवड्यातून एकदा अपडेट केलं तर निभतं, आणि कॉलेजच्या वायफायवर केलं तर प्रश्नच नाही.

आर्चबद्दल तुझे मित्र खोटं बोलत नाहीत. पॅकमॅन फार वेगवान आहे, विकी तर सगळ्याच डिस्ट्रोंचे लोक वाचतात, आणि नवी आवृत्ती आली की काही दिवसांत मिळते. अट एकच: नेहमी सगळं अपडेट करायचं, अर्धवट कधीच नाही. डेटा वाचवायचा म्हणून फक्त यादी ताजी करून एकच ॲप बसवायचं, ही चूक हॉटस्पॉटवाल्यांकडून हमखास होते. उदाहरण बघ. आयसीयू नावाची लायब्ररी युनिकोडचं काम करते, म्हणजे आपली मराठी अक्षरं, शब्दांचे तुकडे, क्रमवारी. तिची नवी मुख्य आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक वेळी फाइलच्या नावातला आकडा बदलतो. तू नवं ॲप बसवलंस, त्यानं सोबत आयसीयू ७६ आणलं, पण बाकीची सगळी ॲप्स अजून ७५ शोधतायत. ७५ आता डिस्कवर नाही. एकामागून एक ॲप्स उघडेनाशी होतात. मागावर बीम चढलेला असताना मधूनच वेगळ्या काउंटचं सूत घातलं तर कापड कुठे सुटेल सांगता येत नाही, हे तुझे वडील तुला जास्त चांगलं सांगतील. सगळं एकदम अपडेट केलं असतं तर ७६ सोबत बाकीची ॲप्सही नव्यानं बांधलेली आली असती.

आर्चचं दुसरं आकर्षण एयूआर, म्हणजे वापरकर्त्यांनी भरलेलं भांडार. तिथे कोणीही पॅकेज बनवण्याची कृती ठेवू शकतं, आणि ती तुझ्या यंत्रावर चालते. जुलै २०२५ मध्ये तिथे फायरफॉक्स, लिब्रेवुल्फ आणि झेन ब्राउझरच्या 'दुरुस्त' आवृत्त्या म्हणून ठेवलेल्या तीन पॅकेजेसमध्ये यंत्राचा ताबा बाहेर देणारा मालवेअर निघाला. दोन दिवसांत ती काढली गेली, पण तेवढ्यात ज्यांनी बसवली त्यांच्याकडे ती चाललीच. एयूआर वापरायचं तर ती कृती असलेली पीकेजीबिल्ड फाइल प्रत्येक वेळी उघडून वाचायची, कुठून काय उतरवतंय ते बघायचं. हे करायची ज्याची तयारी आहे त्याला आर्च शोभतो. आर्चवरच बांधलेल्या मांजरोचं मात्र कुणालाच सांगत नाही: तिथे पॅकेजेस काही काळ रोखून धरतात आणि एयूआर मात्र ताज्या आर्चसाठी लिहिलेलं असतं, म्हणजे अर्धवट अपडेटचा प्रश्न घरबसल्या.

ताजेपणाची किंमत काय असते ते मार्च २०२४ मध्ये सगळ्यांनी बघितलं. फाइली दाबण्याचं एक्सझेड नावाचं साधं साधन. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी, प्रकल्पात विश्वास मिळवून, एसएसएचमध्ये, म्हणजे दूरच्या यंत्रावर लॉगिन करायच्या साधनात, शिरता येईल असं मागचं दार घातलं होतं. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला डेबियन सिडवर (डेबियनच्या विकास-शाखेवर) एसएसएचचं लॉगिन अर्ध्या सेकंदानं मंदावल्याचं दिसलं, तो मागावर राहिला आणि २९ मार्चला त्यानं ते उघड केलं. त्या आवृत्त्या तोवर डेबियनच्या सिड आणि टेस्टिंगमध्ये, टम्बलवीडमध्ये, आर्चमध्ये, फेडोराच्या रॉहाइड या विकास-शाखेत आणि ४० च्या चाचणी आवृत्तीत पोचल्या होत्या. डेबियन स्टेबल, उबंटू एलटीएस (दीर्घ आधाराच्या आवृत्त्या) आणि लोकांच्या वापरात असलेलं फेडोरा ३९ यांत त्या नव्हत्या. उबंटूनं २४.०४ ची बीटा आठवडाभर पुढे ढकलून सगळी पॅकेजेस नव्यानं बांधली. फेडोराचा हा मधला पल्ला मला तुझ्यासाठी म्हणूनच आवडतो. दर सहा महिन्यांनी आवृत्ती, प्रत्येक आवृत्तीला साधारण १३ महिने आधार, कर्नल मात्र मधल्या काळातही नवा येत राहतो. ताजं मिळतं, पण दुसऱ्या कुणाच्या तरी यंत्रावर आधी चालून मग. तेरा महिन्यांचा अर्थ असाही होतो की परीक्षेच्या तोंडावर नवी आवृत्ती आली तर निश्चिंतपणे थांबता येतं, सुट्टीत अपग्रेड करता येतं.

निक्सओएस मी मुद्दाम मागे ठेवलंय. पॅकेज मॅनेजमेंट याच एका कसोटीवर विचारशील तर त्याच्या जवळपास कोणी नाही. प्रत्येक पॅकेज निक्स-स्टोअरमध्ये स्वतःच्या वेगळ्या पत्त्यावर राहतं, पायथनच्या पाच आवृत्त्या एकमेकींना धक्का न लावता नांदतात, आणि पूर्ण सिस्टिम एका फाइलमधून पुन्हा उभी करता येते. पण नेहमीच्या जागी लायब्ररी नसल्यामुळे बाहेरून उतरवलेली बायनरी, म्हणजे चालवायला तयार प्रोग्रॅम, सरळ चालत नाही, पिपची अनेक पॅकेजेसही अडतात. त्याचे उपाय आहेत, ते शिकायला निवांत महिने लागतात. पदवी हातात आल्यावर नक्की शिक. पॅकेजेस आपल्याच यंत्रावर कंपाइल करायला लावणाऱ्या जेंटूबद्दल एवढंच, की सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये लॅपटॉपवर अख्खा ब्राउझर कंपाइल करायला लावू नये. बेचाळीस अंशांत प्रोसेसर तापून वेग कमी करतो, आणि बॅटरीचंही आयुष्य जातं.

आता वडिलांचा डेस्कटॉप. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा बदल करायची घाई बरोबर आहे. पण आधी त्यावर काय चालतं ते विचार. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे, विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनच्या भरवशावर धंद्याचा हिशेब ठेवायचा नाही. डॉबी-जॅकार्डचं डिझाइन सॉफ्टवेअर असेल तर त्याचंही तेच. अशी कामं असतील तर एक यंत्र विंडोजवरच राहू दे, नव्या विंडोजचं. जीएसटी पोर्टल, मेल, पत्रं, चलनं एवढंच असेल तर डेबियन १३ मजेत चालेल. डिजिटल सहीचा टोकन लावून सही होते का ते मात्र लाइव्ह पेनड्राइव्हवर आधी करून बघ.

तिथे ताजं काही नको, आणि त्याचं मोठं कारण लाईट. डाउनलोड चालू असताना लाईट गेली तर काही बिघडत नाही, परत चालू केलं की उरलेलं उतरतं. पॅकेजेस उलगडत असताना गेली तर अर्धी नवी, अर्धी जुनी अशी स्थिती होते. डेबियनवर बहुतेक वेळा यंत्र चालू होतं आणि एपीटीच सांगतं की काम अर्धवट राहिलंय, 'डीपीकेजी कॉन्फिगर ए' चालवा. ते चालवलं की गाडी रुळावर येते. आर्चवर कर्नल बदलला आणि यंत्र सुरू होताना लागणारी इनिट इमेज तयार व्हायच्या आत लाईट गेली, तर यंत्र उठतच नाही. पेनड्राइव्हवरून आत शिरून दुरुस्त करावं लागतं, आणि तू कॉलेजात असशील. डेबियन स्टेबलची अपडेट्स लहान असतात, बसवायला मिनिटभरही लागत नाही, त्यामुळे धोक्याचा काळच छोटा. सोबत यूपीएस लाव. हा प्रश्न मुळातूनच मिटवायचा असेल तर फेडोरा सिल्व्हरब्लू आहे: नवी सिस्टिम बाजूला पूर्ण तयार होते आणि रीस्टार्टला बदलते, मधे लाईट गेली तर जुनी जशीच्या तशी. पण प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर घालायला ते किचकट जातं, म्हणून ऑफिसला ते सांगत नाही.

ऑफिसमध्ये जुनी पत्रं श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतील तर लिब्रेऑफिसमध्ये ती अगम्य दिसतील, ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतील. नव्या टायपिंगला आयबस आणि एम-१७-एन बसव, त्यात मराठी इनस्क्रिप्ट मिळतो.

फेडोरा टाकताना दोन गोष्टी. पेटंटच्या कारणानं व्हिडिओचे काही कोडेक त्यात येत नाहीत, ते आरपीएम फ्यूजनमधून घ्यावे लागतात. ही एक बाहेरची रेपॉझिटरी जोडायला माझी हरकत नाही, बाकी कोप्रमधली सुटी भांडारं गोळा करत बसू नकोस, नाहीतर पीपीएचाच घोळ परत होईल. आणि एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर नवा कर्नल आल्यावर लगेच रीस्टार्ट करायचं नाही. पाठीमागे एकेमॉड्स नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधत असतो, त्याला पाच-सात मिनिटं दे. अर्ध्यावर रीस्टार्ट केलं की काळा पडदा येतो आणि लोक डिस्ट्रोला नावं ठेवतात. जुन्या होम फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घे, लाइव्ह पेनड्राइव्हवर वायफाय, आवाज आणि झोपून उठणं या तिन्ही गोष्टी बघ, मगच इन्स्टॉल कर. लॅपटॉपचं मॉडेल आणि ग्राफिक्स कार्डाचं नाव कळव. एनव्हिडिया निघालं तर सिक्युअर बूटसाठी ड्रायव्हरची चावी नोंदवावी लागते, त्या पायऱ्या वेगळ्या लिहून देतो.